गोठ्यापर्यंत जाणारा दवाखाना : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची होती. घरी, गोठ्यावर किंवा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या जनावरांच्या वस्तीवर, येऊन जनावरे तपासणारी फिरती पशुवैद्यकीय सेवा कशी चालवावी आणि ती कशी घ्यावी, हा तो विषय. परभणी जिल्ह्यात सतरा वर्षे मी हेच काम करीत आहे, म्हणून या अंकातील सगळी जागा याच पत्रांना दिली आहे.

प्रश्न : उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून माझी पदवी पूर्ण झाली असून पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणीही झाली आहे. नोकरीची वाट पाहण्यापेक्षा स्वतःची फिरती सेवा सुरू करावी, असे मनात आहे. वडील कर्ज काढून मोठी गाडी घेऊन देण्यास तयार आहेत. गाडीत टेबल, फ्रीज, सोनोग्राफी यंत्र बसवून घ्यावे, असा सल्ला मित्र देतात. सुरुवात कशापासून करावी?
*(एक तरुण पशुवैद्यक, अहमदपूर, जि. लातूर)*

गाडीच्या आधी परीघ ठरवावा. आपल्या गावाभोवती पंधरा किलोमीटरचे वर्तुळ काढा आणि पहिली दोन वर्षे त्याच्या बाहेर जायचे नाही, असे स्वतःला बजावून घ्या. हे सांगायला सोपे आणि पाळायला फार अवघड आहे, कारण सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक फोन हवाहवासा वाटतो. पहिल्याच वर्षी मी पस्तीस किलोमीटरवरच्या एका आखाड्यावर, मायांग (गर्भाशयाचा भाग) बाहेर आलेल्या म्हशीसाठी, सायंकाळी निघून गेलो. म्हैस वाचली. त्याच वेळी माझ्या गावापासून चार किलोमीटरवर एका शेतकऱ्याचे दोन बैल दावे तोडून ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत शिरले आणि त्यांना किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागले. या विषबाधेवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देण्याचा उपाय आहे आणि ती दोन्ही औषधे माझ्या पेटीत होती. परंतु फुटव्यातले सायनाइड काही मिनिटांत किंवा फार तर तासा-दोन तासांत जनावर संपवते, आणि पेटी पस्तीस किलोमीटर दूर होती. मी परतलो तेव्हा दोन्ही बैल बांधावर पडलेले होते. पेरणी तोंडावर आलेली असताना ज्याची जोडी गेली, त्या माणसाने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. तेव्हापासून मी वर्तुळ सोडत नाही.

परीघ लहान ठेवण्याचे दुसरे कारण असे की, त्यामुळे जनावरापाशी थांबायला वेळ मिळतो. तिसऱ्या-चौथ्या वेताची चांगल्या दुधाची संकरित गाय व्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी बसते, मान कुशीकडे वळवून ठेवते, कान हाताला गार लागतात. हा दुग्धज्वर आहे, हे आपण पाहताक्षणी ओळखाल. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो, उलट अंग थंड पडलेले असते. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलिलिटरची बाटली आधी कोमट पाण्यात धरून अंगाइतकी ऊबदार करावी लागते, मग ती शिरेतून अगदी सावकाश सोडावी लागते, आणि सगळा वेळ स्टेथोस्कोप हृदयावरून हलवायचा नसतो. ठोका चुकू लागला की बाटली खाली घ्यायची, स्थिर झाला की पुन्हा वर करायची. अर्धीअधिक बाटली गेली की मांड्यांवर बारीक थरथर उठते, मग ढेकर येतो, कोरडी पडलेली नाकपुडी घामेजते, गाय शेण टाकते आणि बऱ्याचदा तिथल्या तिथे उठून उभी राहते. या कामाला वीस मिनिटे ते अर्धा तास हवा. पुढच्या गावाहून फोनवर फोन येत असताना हीच बाटली पाच मिनिटांत सोडण्याचा मोह होतो, आणि त्या घाईत हृदय बंद पडून गाय दगावते. दिवसाला आठ ठिकाणी नीट जाता येत असेल, तर चौदा ठिकाणांना होकार देऊ नये.

आता गाडीविषयी. आपल्याकडच्या काळ्या मातीत जुलै ते सप्टेंबर या काळात आखाड्याची वाट मोठ्या गाडीला जागच्या जागी धरून ठेवते. सुरुवातीला एक मजबूत मोटारसायकल आणि एक जुनी, लहान, मागचा दरवाजा वर उघडणारी चारचाकी पुरेशी आहे. टेबल बसवलेली गाडी शहरातल्या कुत्र्या-मांजरांसाठी उपयोगी पडेल. गाय-म्हैस काही गाडीत चढणार नाही. सोनोग्राफी यंत्र अवश्य घ्या, पण दोन वर्षांनी, पहिल्या कमाईतून. गाभण तपासणीत आधी आपला हात तयार झाला पाहिजे. वडिलांच्या जमिनीवर कर्जाचा बोजा चढवून पहिल्या दिवसापासून हप्त्यामागे धावाल, तर वर्तुळ पाळणे अशक्य होईल, म्हणून हे निक्षून सांगतो.

शासनाची फिरती पथके १९६२ या क्रमांकावर बोलावता येतात. अशा पथकात पशुवैद्यक, सहायक आणि चालक असतात. केंद्राच्या योजनेत साधारण एक लाख पशुधनामागे एक वाहन असे प्रमाण धरलेले आहे, त्यामुळे प्रत्येक हाकेला ते तासाभरात पोहोचेल, अशी अपेक्षा कोणी करू नये. त्यांच्याशी स्पर्धा करण्याचा विचार सोडून तिथल्या डॉक्टरांशी ओळख ठेवा. ज्या रात्री आपण एका अडलेल्या गाईपाशी अडकलेले असाल, त्या रात्री दुसरा फोन कोणाकडे वळवायचा, याचे उत्तर तयार असले पाहिजे.

राहिला फोन. निघण्यापूर्वीची पाच मिनिटे मी उपचारातच मोजतो. कोणते जनावर, गाभण आहे का, कधी व्यायले, उभे आहे की बसलेले, रवंथ करते का, शेण शेवटचे कधी टाकले, डावी कूस फुगली आहे का, काय खाल्ले, हे विचारायचेच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे आधी कोणी सुई टोचली आहे का. हे लोक लपवतात, म्हणून रागावून नव्हे तर मायेने विचारावे. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईला कोणी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन ठेवले असेल, तर ती गाभडण्याचा धोका असतो आणि पुढचा सगळा विचार बदलतो. त्यानंतर वाट कशी आहे, उजेड आहे का, धरायला माणसे किती, पाणी आहे का, हे विचारा. एवढे करूनही वीस लिटर पाण्याचा कॅन, डोक्याला बांधायचा दिवा, दोन लांब कासरे, साबण आणि अंगावर घालायला दुसरा कपड्यांचा जोड मी गाडीतून कधीच काढत नाही. पोटफुगीत वायू काढायची ट्रोकार-कॅन्युला, पोटात सोडायची नळी आणि खांद्यापर्यंतचे हातमोजे कोणीही विसरत नाही. आखाड्यावर ऐन वेळी हात धुवायला पाणी नसते.

प्रश्न : गावातल्या सरकारी दवाखान्यात उपचार स्वस्तात होतो. घरी येणारे खाजगी डॉक्टर मात्र औषधाचे वेगळे आणि येण्याचे वेगळे पैसे सांगतात. मुके जनावर अडचणीत असताना असे पैसे लावणे योग्य आहे का?
*(एक शेतकरी, मानवत, जि. परभणी)*

आपला प्रश्न मनाला लागला, म्हणून हिशेब उघड मांडतो. समजा, डॉक्टरांची गाडी महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरते आणि लिटरला पंधरा किलोमीटर जाते. म्हणजे शंभर लिटर इंधन. लिटरला शंभर रुपये धरले तरी दहा हजार रुपये झाले. महिन्यात शंभर ठिकाणी भेटी झाल्या, तर प्रत्येक भेटीमागे शंभर रुपये नुसत्या इंधनाचे. त्यात टायर, दुरुस्ती, विमा, मदतनिसाचा पगार आणि मुदत संपून फेकावी लागणारी औषधे अजून धरलेलीच नाहीत. येण्याचे पैसे वेगळे सांगणारा डॉक्टर खरे तर आपल्याशी सरळ वागत असतो. जो येण्याचे काहीच घेत नाही, त्याला तो खर्च कोठून तरी काढावा लागतो आणि मग गरज नसलेल्या सलाईनच्या दोन बाटल्या जनावराला चढतात. ही वाईट सवय आमच्या व्यवसायात आहे आणि ती सुटली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मात्र आपल्या तक्रारीतला एक भाग पूर्ण रास्त आहे. रक्कम आधी सांगितली पाहिजे. मी फोनवरच अंतराचा आणि तपासणीचा आकडा सांगतो, औषध पावतीच्या किमतीला देतो, आणि रात्री दहानंतरचा दर निराळा आहे, हेही तेव्हाच बोलून घेतो. उधारी मी नाकारत नाही. मराठवाड्यात पैसा सोयाबीन विकल्यावर, उसाचे बिल आल्यावर किंवा दुधाचा पगार झाल्यावर हातात येतो, हे ज्याला मान्य नाही त्याने इथे सेवा देऊ नये. माझ्या वहीत प्रत्येक उधारीपुढे ती कशातून फिटणार, हे शेतकऱ्याच्या तोंडचेच शब्द लिहिलेले असतात: ‘म्हशीच्या पगारातून’, ‘सोयाबीनवर’. असे लिहून घेतलेले पैसे उशिरा येतात, पण बहुतेक येतात.

प्रश्न : माझ्याकडे उस्मानाबादी जातीच्या चार शेळ्या आणि पाच पिले आहेत. डॉक्टर म्हणतात, एवढ्याशा शेळ्यांसाठी लस घेऊन येणे परवडत नाही. आम्ही काय करावे?
*(एक महिला वाचक, तुळजापूर तालुका, जि. धाराशिव)*

ताई, डॉक्टरांचे म्हणणे रुक्ष वाटले तरी त्यामागे लशीची अडचण आहे. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि एका कुपीत पंचवीस, पन्नास किंवा शंभर मात्रा असतात. एकदा ती सोबतच्या द्रावणात मिसळली की बर्फावर ठेवून साधारण दोन तासांच्या आत संपवावी लागते. आपल्या नऊ जनावरांसाठी कुपी फोडली, तर उरलेली लस टाकूनच द्यावी लागेल.

यावर उपाय वस्तीनेच करायचा आहे. आपल्या बचत गटातल्या बायकांनी आपापल्या शेळ्यांची मोजणी करावी, तीन-चार महिन्यांच्या पुढची पिले धरावीत, गाभण शेळ्या वेगळ्या सांगाव्यात, आणि पन्नासचा आकडा जमला की डॉक्टरांना एकच दिवस मागावा. सकाळी लवकरची वेळ घ्यावी, शेळ्या चरायला सोडू नयेत आणि एका वाड्यात कोंडून ठेवाव्यात, म्हणजे पन्नास शेळ्यांचे काम तासाभरात आटोपते आणि येण्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. आपल्या गावात पशुसखी (जनावरांच्या प्राथमिक सेवेचे प्रशिक्षण घेतलेली गावातलीच बाई) असेल तर मोजणीचे काम ती उत्तम करील. पीपीआरची लस नीट टोचली गेली तर तिचे संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकते. आंत्रविषार या आतड्याच्या आजाराची लस मात्र दर वर्षी, पावसाळ्यापूर्वी, हिरवा चारा फुटण्याआधी द्यावी. सरकारी लसीकरणाची तारीख जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून घ्या. ती लवकरची असेल तर खाजगी डॉक्टरांना बोलावण्याचे कारणच उरत नाही.

प्रश्न : मी पशुधन विषयातील पदविकाधारक आहे. गावोगावी फिरून कृत्रिम रेतन करतो. लोक आजारी जनावरेही दाखवतात आणि ‘डॉक्टर’ म्हणतात. स्वतःची फिरती सेवा काढता येईल का?
*(एक वाचक, गेवराई, जि. बीड)*

स्वतंत्रपणे उपचाराची सेवा काढता येणार नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या ३० व्या कलमाप्रमाणे पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पदविकाधारकाला राज्य शासनाने ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार देता येतात. हे सांगताना आपल्या कष्टांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. आपल्यासारखे लोक नसते तर निम्म्या वाड्या-तांड्यांवर रेतनाची कांडी पोहोचली नसती. म्हणूनच माझा आग्रह आहे की, आपण एखाद्या पशुवैद्यकाबरोबर लेखी करार करून एकत्र सेवा उभी करावी. रेतन, लसीकरणातील मदत, जखमेची मलमपट्टी, कानातल्या बारा अंकी बिल्ल्याच्या नोंदी आपल्याकडे, आणि निदान व उपचार त्यांच्याकडे. माझ्या सेवेत असा एक सहकारी नऊ वर्षे आहे. सकाळी माजावर आलेल्या गाईला संध्याकाळी आणि संध्याकाळी आलेल्या गाईला दुसऱ्या सकाळी भरवण्याचा नियम तो जितक्या काटेकोरपणे पाळतो, तितका मलाही पाळता आला नसता.

औषधांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगतो. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण ते टोचलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही बंदी आली. तरीही माणसांसाठीची कुपी गुरांना टोचणारे लोक मी आजही पाहतो. सूज आणि वेदनेसाठी मेलोक्सिकॅम आहे, ते पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर मिळते. तसेच, स्वतः तपासलेल्या जनावराला पशुवैद्यकाने औषध देणे वेगळे आणि गाडीतून औषधे विकत फिरणे वेगळे. विक्रीला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हात तापते. लस आणि औषधे कशी सांभाळावीत?
*(एक पशुवैद्यक, भोकरदन, जि. जालना)*

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे, हे आपण जाणताच. आपण सगळे उष्णतेला घाबरतो आणि गोठण्याला विसरतो. फ्रीजरमधून काढलेल्या दगडासारख्या बर्फाच्या पिशवीला टेकलेली लाळ-खुरकुताची लस गोठली की ती वाया जाते, पाहून ते सहज ओळखू येत नाही आणि शेतकरी मात्र लस दिली म्हणून निर्धास्त राहतो. बर्फाची पिशवी बाहेर काढून ठेवावी, तिच्यावर घाम सुटू द्यावा, हलवल्यावर आत पाणी डुचमळू लागले की मगच पेटीत घालावी, आणि पिशवी व कुपी यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा. पेटीत थर्मामीटर ठेवून प्रत्येक गावी पोहोचल्यावर आकडा वहीत लिहावा. मी दुपारी बारा ते चार लसीकरण करीतच नाही. त्या वेळी जनावरही धापत असते. इतर औषधांसाठी साधी थर्माकोलची पेटी सीटखाली, सावलीत ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. द्रव नत्राच्या पात्रातील पातळी दर तीन दिवसांनी पट्टीने मोजा. उणे १९६ अंशांवर ठेवलेले वीर्य एकदा उबेला आले की ते पुन्हा गोठवून उपयोग नसतो.

वापरलेल्या सुया पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कोंबून उकिरड्यावर टाकणे थांबवा. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ पशुवैद्यकीय सेवेलाही लागू आहेत. सुयांसाठी न भोसकला जाणारा पांढरा डबा गाडीत कायम असावा आणि तो अधिकृत कचरा संकलन केंद्राकडेच जावा.

प्रश्न : आमचा कुत्रा तेरा वर्षांचा आहे, त्याला जिना उतरवत नाही. घरी येणारे डॉक्टर सगळे उपचार करू शकतील का?
*(एक वाचक, लातूर)*

तपासणी, लस, रक्ताचा नमुना, जखमेची पट्टी आणि म्हातारपणच्या सांधेदुखीवरील उपचार घरी उत्तम होतात. क्ष-किरण तपासणी आणि पोटाची शस्त्रक्रिया घरी होत नाही, आणि करतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. डॉक्टर येण्याआधी कुत्र्याला एका खोलीत ठेवा, त्याच्या ओळखीच्या एकाच माणसाने त्याला धरावे, आणि तो चावत नसला तरी मुसके घालू द्यावे. दुखणारा सांधा दाबला की शांत कुत्राही उलटतो.

प्रश्न : माझे पती आठ वर्षांपासून गावोगावी जाऊन जनावरे तपासतात. रात्री-अपरात्री फोन येतात. गेल्या वर्षी त्यांना महिनाभर ताप येत-जात होता. त्यांच्या जिवाला धोका आहे का आणि घरच्यांनी काय काळजी घ्यावी?
*(एक गृहिणी, वसमत, जि. हिंगोली)*

वहिनी, धोका आहे, आणि तो टाळता येण्याजोगा आहे. व्यायलेल्या जनावराची अडकलेली वार (गर्भाचे वेष्टण) हाताने काढणाऱ्या पशुवैद्यकाला येत-जात राहणारा ताप, रात्रीचा घाम आणि कंबरदुखी असेल, तर ब्रुसेलोसिस या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या आजाराची रक्ततपासणी करून घ्यावी. आपण गुरांचे डॉक्टर आहोत, हे त्यांनी फिजिशियनना आवर्जून सांगितले पाहिजे, नाहीतर टायफॉइडचे उपचार होत राहतात आणि खरा आजार आत राहतो. गाभडलेल्या जनावराजवळ लांब हातमोज्यांशिवाय जायचे नाही. वार आणि मेलेले वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे, कारण कुत्री ते ओढत गावभर नेतात. गोठ्यातले कपडे आणि गमबूट घरात येऊ देऊ नका. बाहेरच्या नळावर वेगळी बादली ठेवा.

दुसरी भीती पिसाळण्याची. लाळ गाळणारी, आवाज बदललेली, गिळता न येणारी गाय पाहिली की घरातले म्हणतात, घशात काहीतरी अडकले आहे, आणि डॉक्टर तोंडात हात घालतात. ती गाय पिसाळलेली असू शकते. त्यांनी रेबीजची आगाऊ लस घेतलेली नसेल, तर या आठवड्यात सुरू करायला लावा. आपल्याकडे ती पहिल्या, सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. आगाऊ लस घेतलेली असली तरी लाळेचा संपर्क आला की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचे.

रात्रीच्या फोनबद्दल माझ्या घरचा नियम सांगतो. दहानंतर फोन माझी पत्नी उचलते. अडलेले जनावर, पोटफुगी, विषबाधा, बाहेर आलेले मायांग, व्यायल्यानंतर बसलेली गाय आणि न थांबणारा रक्तस्राव, या सहा गोष्टींसाठीच ती मला उठवते. बाकीच्यांचे नाव, गाव आणि तक्रार लिहून घेऊन सकाळी सहाची वेळ देते. मी निघालो की कोणत्या आखाड्यावर, कोणाकडे गेलो, हे दाराजवळच्या पाटीवर लिहून जातो, आणि शेतकऱ्याने हमरस्त्यावर दिवा घेऊन घ्यायला यायचे, ही अट फोनवरच घातलेली असते. आपल्या पतींनी ही पाटी आजच दाराजवळ लावावी.